फातिहा वाचताना घातलेली अट

आमच्या गल्लीतले लोखंडवाले एकमेकांशी हात मिळवतात तेव्हा आधी पंजाकडे बघतात, चेहऱ्याकडे नंतर. कुणाचं करंगळीचं पेर गेलेलं, कुणाचा अंगठा आखूड. त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. उस्ता, म्हणजे उस्ताद, बदावीचा हात मात्र सगळ्यांच्या संशयाचा विषय होता, कारण त्याला पाचच्या पाच बोटं होती, आणि दुसऱ्या हातालाही होती.

"इतकी वर्षं लोखंडात, आणि एवढा हात शाबूत?" कहव्यावर, कॉफीच्या अड्ड्यावर, लोक म्हणायचे. "काम करतो की नुसता लोखंडाशी गप्पा मारतो?"

माझं इस्त्रीचं दुकान त्याच्या वर्कशॉपच्या बरोबर समोर. दुकान घेतलं त्या आठवड्यात मी घाबरून गेलो होतो, की याच्या ठिणग्या उडून गिऱ्हाइकांच्या शर्टांची चाळण होणार. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर त्याच्या दाराशी माणसाएवढा पत्र्याचा पडदा उभा. मी काही बोललोच नव्हतो. विचारलं तर म्हणाला, "सबरी, रात्री झोप लागेना. सारखे तुझे शर्ट दिसत होते."

तर असा हा माणूस. काळजी त्याला शोधत यायची नाही, तोच तिला आमंत्रण धाडायचा.

लोखंड कापायच्या त्या हातातल्या ग्राइंडरला आम्ही अलेक्झांड्रियात सारूख म्हणतो. सारूख म्हणजे अग्निबाण. एकदा सुरू झालेला ऐकला की नाव कुणी ठेवलं असेल ते कळतं. बाकीचे कारागीर सारूख उचलायचे आणि कापायला लागायचे. बदावी आधी चकती हातात घेऊन उजेडात फिरवायचा, कुठे केसाएवढी चीर आहे का बघायचा, तिच्या मधल्या कड्यावरची तारीख वाचायचा. आमच्याकडे समुद्राची हवा सगळ्यात शिरते, चकतीतही शिरते, आणि दमट झालेली चकती फिरता फिरता फुटते असं त्याचं म्हणणं. मग वायर काढून ठेवून चकती बसवायची. मग वायर लावून, यंत्र भिंतीकडे धरून, ते नुसतंच फिरू द्यायचं. गिऱ्हाईक तेवढ्यात सिगारेट संपवायचं. मग डोळ्यांवर गॉगल, आणि मग समोर उभ्या असलेल्या प्रत्येकाला एकच शब्द, "इस्तन्ना." म्हणजे थांब जरा. आख्ख्या गल्लीत त्याचं नावच पडलं होतं उस्ता इस्तन्ना. लोक वाटेत भेटले की सलाम करायच्या आधी म्हणायचे, "थांबू का जरा?"

तो चिडायचा नाही. कापताना सारूखवर जोर द्यायचा नाही, दोन्ही हातांनी धरून त्याच्या मर्जीने त्याला जाऊ द्यायचा. आणि लोकांच्या बाबतीतही त्याचं तसंच होतं.

या माणसाच्या एकुलत्या एक मुलीला, नाहिदला, इमादचं स्थळ आलं.

इमाद ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवायचा. मुलगा सरळ, कमावता, हसरा. त्याची आई हज्जा फिक्रिया त्याला घेऊन आली तेव्हा मीही होतो, कारण बदावीला अशा वेळी शेजारी कुणी तरी लागतं. बापाने जावयाला विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. बदावीने एकही विचारला नाही. तो म्हणाला, "हात दाखव, बाळा."

हज्जा फिक्रियाला वाटलं, हा भविष्य बघतोय. तिने कौतुकाने मुलाचा हात पुढे केला.

बदावीने डाव्या अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या आडव्या व्रणावर बोट ठेवलं. "हे काय?"

"काही नाही काका. सारूख जरा उडाला होता."

"गार्ड होतं?"

इमाद हसला. "काका, गार्ड लावून खिडक्या कोण बनवतो? कोपऱ्यात चकती पोचत नाही. आणि मोठी चकती तर बसतच नाही."

बदावीचा चेहरा उतरला. लहान सारूखवरचं गार्ड, म्हणजे लोखंडी कवच, काढून त्यावर मोठी चकती चढवायची, ही आमच्याकडची जुनी खोड. चकती बसते म्हणून बसवायची. पण ती मोठी चकती जड, हळू फिरणाऱ्या यंत्रासाठी केलेली असते. लहान सारूख तिला वेड्यासारखी पळवतो. एखाद्या दिवशी ती सुटते, आणि मधे कवच नसलं की मधे तुम्ही असता.

आतून बदावीच्या बायकोने, इन्शिराहने, सरबताचा ट्रे बाहेर पाठवला. लाल सरबत आलं म्हणजे गोष्ट पक्की झाली असं समजायचं. आता सगळ्यांनी हात उघडे धरून फातिहा, कुराणातली पहिली प्रार्थना, वाचायची, की नातं जुळलं. बदावीने हात वर केले, आणि खाली घेतले.

"माझी एक अट आहे."

हज्जा फिक्रिया सावरून बसली. तिला वाटलं, आता सोनं निघणार.

"गार्ड काढायचं नाही," बदावी म्हणाला. "कधीच. ही फातिहा त्याच्यावर वाचतोय. अट मोडली तर फातिहा मोडली."

सगळे इतके हसले की माझ्या ग्लासातलं सरबत माझ्याच मांडीवर सांडलं. "कबूल, काका, कबूल!" म्हणत इमादनेही हसत हसत हात उघडले. हसला नाही तो फक्त बदावी. आणि दाराच्या फटीतून बघणारी नाहिद. ती बापाच्या घरात वाढलेली होती, तिला ठाऊक होतं की हा माणूस गंमत करत नाही.

लग्न ठरलं. इमादने चौथ्या मजल्यावर घर घेतलं होतं, पण वीज अजून यायची होती. बदावीला आता नवी काळजी लागली: चोर. चौथ्या मजल्यावर चोर चढणार कसा, असं मी विचारलं. "उतरेल," तो म्हणाला. "गच्चीवरून." म्हणून त्याने जावयाच्या बाल्कनीला कठड्यापासून छतापर्यंत लोखंडी जाळी करून दिली. सळया दुहेरी. त्या जॅक लावून वाकवता येऊ नयेत म्हणून चौकटीत घण मारून इतक्या घट्ट ठोकलेल्या, की जाळी सगळा वेळ श्वास रोखून उभी असल्यासारखी दिसायची. आख्ख्या महालाचा खजिना ठेवावा अशी जाळी, आणि आत दोन खुर्च्या.

मग सामान चढवायचा दिवस आला. आमच्याकडे हा दिवस लग्नाइतकाच मोठा. मुलीचं सगळं सामान ट्रकांवर उघडं रचून, ढोल वाजवत, गल्ल्यागल्ल्यांतून फिरवून नवऱ्याच्या दाराशी नेतात, म्हणजे कुणाला बघायचं राहायला नको. सगळ्यांत पुढच्या ट्रकवर उभा होता नीश. नीश म्हणजे काचेचं कपाट. त्यात चिनी मातीची भांडी लावतात आणि जन्मात त्यांतून कुणी जेवत नाही. इन्शिराहच्या बहिणीच्या मुलीचा नीश दोन दारांचा होता, म्हणून इन्शिराहने फर्निचरच्या गावाहून, दमिएत्ताहून, तीन दारांचा, अखंड, एका तुकड्यात करून आणला होता. त्याचं माप तिने बहिणीच्या मुलीच्या नीशवरून घेतलं होतं. जिन्याचं कुणीच घेतलं नव्हतं.

पहिल्या वळणावरच नीश अडकला. हमालांनी उभा केला, आडवा केला, उलटा केला. हमालांचा मुकादम घाम पुसत खाली आला आणि म्हणाला, "दोर लावून बाल्कनीतून घ्यावा लागेल. पण वर ती जाळी कुठल्या गाढवाने बसवलीय?"

सगळे बदावीकडे बघायला लागले. तो त्या दिवशी त्याची चांगली पायघोळ गलाबिया घालून उभा होता. पांढरी, रुंद बाह्यांची, मीच सकाळी खळ घालून कडक केलेली.

"कापू," तो म्हणाला. "पण थांबा जरा."

ढोलवाल्यांनीसुद्धा मधेच वाजवायचं थांबवलं, इतका तो शब्द ओळखीचा होता.

मग त्याचं सुरू झालं. बाल्कनीखाली कापसाच्या गाद्यांचा ट्रक उभा होता, तो हलवा, ठिणगी पडली तर? बाल्कनीत गॅसचा सिलिंडर आणून ठेवला होता, तो आधी घराबाहेर काढा. बायकांनी समोरच्या फूटपाथवर जा. कुणी तरी माझा सारूख आणा, जाड लाकडाच्या पाचरी आणा, ट्रकचा जॅक आणा. गाद्यांच्या ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला, मागे लिंबाची गाडी आहे, मी हलणार नाही. लिंबूवाला म्हणाला, मी इथे तुझ्या जन्माच्या आधीपासून आहे. उन्ह चढलं. नीश दोरीला बांधलेला रस्त्यात उभा, आणि त्याच्या काचांत सगळी गल्ली स्वतःचे हसरे चेहरे बघतेय.

"अहो," इन्शिराह दात आवळून म्हणाली, "माझी बहीण बघतेय. कापून टाका ना पटकन."

"पटकन कापण्यासाठीच तर हे चाललंय."

हज्जा फिक्रियाचा तोल सुटला. ती मोठ्याने म्हणाली, "इमाद! तुझा सासरा पाचरी जमवेपर्यंत तुझा मुलगा शाळेत जाईल. तू पुरुष आहेस ना?"

इमाद लाल झाला. कुणी तरी टाळी वाजवली. खिडक्यांच्या कामाचा त्याचा सारूख वरच होता. इमाद जिन्याकडे वळला तेव्हा बदावी लिंबूवाल्याच्या हातगाडीचा दांडा धरून ती ढकलत होता. त्याला दिसलंच नाही.

ऐकू मात्र आलं. चौथ्या मजल्यावर सारूख ओरडला, आणि बदावीने हातगाडी तिथेच सोडली. आवाज ऐकूनच त्याला कळलं. "सबरी," तो मला म्हणाला, "मोठी चकती आहे. लहान यंत्रावर." वर पाहिलं तर ठिणग्यांचा झोत कुठेही न अडता थेट बाहेर येत होता. कवच असतं तर तो एका बाजूला वळला असता.

गर्दीने हर्षाची आरोळी ठोकली. बायकांनी जिभा वळवून किलकारी दिली. नाहिद तेवढी फूटपाथवर खाली बसली.

आम्ही जिना चढायला लागलो. दुसऱ्या मजल्यावर बदावी म्हणाला, "त्याने जाळीला टेकू दिला असेल का?" तिसऱ्यावर म्हणाला, "नाही दिला." मला काही कळेना. तो धापा टाकत सांगत होता: साधी सळई कापली की तिची तोंडं सुटी होतात. पण या जाळीच्या सळया त्याने दाबून ठोकल्या आहेत, वरची चौकट त्यांच्यावर बसलीय. एकेक कापत गेलं की सगळा भार उरलेल्यांवर येणार. मग कापलेली फट उघडण्याऐवजी मिटणार, फिरत्या चकतीला चावणार. चकती अडकली की सारूख उलटा उडतो, धरणाऱ्याच्याच अंगावर. "हे फक्त मला ठाऊक आहे, सबरी. मीच ठोकल्या ना त्या."

"मग वीज बंद करू," मी म्हणालो.

इमादच्या घरात वीज नव्हती, म्हणून वायर खालच्या मजल्यावरच्या शेजारणीच्या स्वयंपाकघरातून खिडकीवाटे वर गेली होती. तिच्या दाराला कुलूप होतं आणि ती खाली रस्त्यात किलकारी देत होती.

वर पोचलो. बाल्कनीत इमाद आमच्याकडे पाठ करून उभा. गॉगल नाही, डोळे बारीक केलेले. बहुतेक सळया कापून झाल्या होत्या, तीनच उरल्या होत्या, आणि वरची चौकट मधे खाली झुकलेली अगदी स्पष्ट दिसत होती. मी हाक मारायला तोंड उघडलं तर बदावीने त्यावर हात ठेवला. सारूख चालू असताना माणसाला मागून हाक मारायची नाही, हात लावायचा नाही. तो दचकला तर संपलं.

मग त्याने एक गोष्ट केली. अंगातली ती कडक इस्त्रीची गलाबिया डोक्यावरून काढून माझ्या हातात दिली. रुंद बाही चकतीत गेली तर हात ओढून नेते. आख्खी वरात खालून बघत असताना मुलीचा बाप बनियन आणि लांब चड्डीवर उभा राहिला. खालून हशाचा लोट वर आला. मला घाम फुटला होता.

तो भिंतीला घासत, बाजूने, इमादच्या डोळ्यांच्या टोकाला दिसेल असा हळूहळू पुढे गेला. सारूख तेव्हा उरलेल्यांतल्या मधल्या सळईत शिरला होता. त्याचा सूर बदलत होता, वरचा बारीक सूर जाऊन घशातून गुरगुरल्यासारखा येत होता. फट मिटायला लागली होती. बदावीने वरच्या चौकटीखाली खांदा दिला, आणि दोन्ही हातांनी ती सळई धरली. एक हात चकतीच्या वर, एक खाली. लोखंडात राहून सगळी बोटं शाबूत ठेवलेला माणूस, ज्याने चकतीच्या रेषेत आयुष्यात कुणाला उभं राहू दिलं नाही, तो त्याच रेषेत उभा राहून सळई ताणून फट उघडी धरत होता.

इमादने ती बोटं पाहिली.

त्याचा चेहरा मी विसरणार नाही. स्वतःच्या हाताजवळ ती चकती त्याने हजार वेळा फिरवली असेल, पण दुसऱ्याची बोटं तिच्याजवळ त्याने पहिल्यांदा पाहिली. सासऱ्याची, म्हातारी, केसाळ. त्याने खटका सोडला. पण सारूख खटका सोडल्यावर लगेच थांबत नाही. ती उघडी चकती फिरत राहिली, फिरत राहिली. इमादने यंत्र तसूभर हलवलं नाही, बदावीने सळई सोडली नाही. दोघं एकमेकांकडे बघत ती थांबायची वाट बघत होते. माझ्या हातातल्या गलाबियाचा पार चोळामोळा झाला होता.

चकती थांबली.

"काका," इमाद म्हणाला. "काका, हात काढा ना."

"काढतो. पण खांद्यावर चौकट आहे. सबरी, जॅक."

मी चार मजले उतरलो आणि ट्रकचा जॅक घेऊन पुन्हा चढलो. वाटेत किती जणांनी काय विचारलं कोण जाणे. वर पोचलो तेव्हा इमादचाही खांदा चौकटीखाली होता आणि दोघं दाटीने उभे होते. जॅक लावला, चौकट उचलली गेली, आणि बदावी भिंतीला टेकून खाली बसला. "सळई गरम असते रे," तो तळवे फुंकत म्हणाला, "हे विसरलोच."

तोवर सगळे वर धावत आले होते. इन्शिराहने नवऱ्याच्या अंगावर कुठलासा टेबलक्लॉथ टाकला. हज्जा फिक्रियाने जमिनीवर पडलेला उघडा सारूख पाहिला, त्यावरची मोठी चकती पाहिली, आणि तिला सरबताचा दिवस आठवला. नाहिद दारात उभी होती. तिने कुणाला काही विचारलं नाही. आधी बापाची बोटं पाहिली, मग इमादची.

"अबू नाहिद," हज्जा फिक्रिया बदावीला हळू आवाजात म्हणाली, "मीच बोलले त्याला. दोष माझा आहे."

"अट मोडली," बदावी म्हणाला.

"अहो, खाली नीश दोरीला बांधून ठेवलाय," इन्शिराह रडवेली होऊन पुटपुटली. "आख्खी गल्ली उभी आहे. आता नका मोडू."

"मी कुठे मोडतोय? फातिहा त्याने मोडली. आता घर नाही, नातं नाही. हा एक मुलगा आहे आणि मी एक म्हातारा आहे." त्याने इमादकडे पाहिलं. "बोल. तुझं काय म्हणणं आहे?"

इमाद म्हणाला, "पुन्हा वाचू या, काका. नव्याने."

"अट?"

"गार्ड. आणि गॉगल. आणि चकती यंत्राच्या मापाची." तो एकेक शब्द चिमट्यात धरल्यासारखा सांगत होता. "आणि माझी एक अट आहे."

मागून कुणी तरी 'अरे वा' म्हणालं आणि हज्जा फिक्रियाने मागे वळून असं पाहिलं की तो माणूस जिना उतरून गेला.

"सांग."

"तुम्ही मधे हात घालायचा नाही. कधीच."

टेबलक्लॉथ सावरत बदावीने मुलीकडे पाहिलं, मग स्वतःच्या भाजलेल्या तळव्यांकडे.

"हे कबूल करता येणार नाही, बाळा," तो म्हणाला. "हात घालायची वेळ आणायची की नाही, ते तुझ्यावर आहे."

आणि त्याने हात उघडले. इमादने उघडले. आम्हीही सगळ्यांनी तिथेच, लोखंडाच्या किसात उभं राहून हात उघडले, आणि फातिहा वाचली. या वेळी कुणी हसलं नाही.

मग खालून बदावीचा जुना सारूख, गॉगल आणि पाचरी वर आल्या. जो सारूख तो कुणाला हातही लावू देत नसे, तो त्याने इमादपुढे धरला. गॉगल टेबलक्लॉथच्या टोकाला पुसला आणि तोही दिला. उरलेल्या सळयांत पाचरी ठोकल्या. इमादने चकती उजेडात धरून पाहिली, वायर लावली, सारूख भिंतीकडे धरून नुसताच फिरू दिला. खालून मुकादम खेकसला, "अरे, आता काय?"

बाल्कनीतून उत्तर गेलं, "थांबा जरा!"

आवाज इमादचा होता.